कोणी गेलं नाही

खालापूर
ता. ८ डिसेंबर १९८५

प्रिय शब्बीर यास,

गजाचा सलाम आणि नमस्कार दोन्ही; आवडेल तो घे. आम्ही इथे खुशाल आहोत. मैना बरी आहे, मुली शाळेत जातात, आणि ऑफिसातला मोरू शिपाई अजूनही चहात साखर घालायला विसरतो. तुमच्या दोह्याला थंडी पडते का रे? इथे पहाटे तोंडातून वाफ निघते. मला पहाटेची ही बातमी कशी कळली, ते सांगायलाच हे पत्र.

मी पळायला लागलोय.

हसून झालं? मग पुढे वाच. कर्जतच्या एका तरुण मंडळाने फेब्रुवारीत मॅरेथॉन ठेवली आहे. बेचाळीस किलोमीटर! कर्जतहून निघायचं, चौक गावावरून खालापूरला यायचं, कचेरीसमोरच्या पिंपळाला वळसा घालायचा आणि आल्या वाटेने परत. मोरूने ते पत्रक सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी नुस्ती संध्याकाळची एस्टी धरून दावा, लई झालं." सगळं ऑफिस खो खो हसलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. त्याच पावली नाव देऊन आलो. घरी सांगितलं तर मैना भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "शर्यत माणसांचीच आहे ना? नीट विचारलंत?"

पळण्यात दम लागतो, पाय दुखतात, हे ठीक. खरी अडचण वेगळीच निघाली. आपल्याकडे मोठा माणूस पहाटे रस्त्याने पळतो तो एकाच कामासाठी, हे मी विसरलोच होतो. वाड्यावस्त्यांवर अजून फोन नाही, एस्टीचा भरवसा नाही. कोणी गेलं की सांगावा घेऊन माणूसच धावतो. पहिल्याच दिवशी मी पुढच्या वाडीत शिरलो, तर सोनुबाई म्हातारी कंदील घेऊन धडपडत बाहेर आली. "कोन गेलं रं?"

"कोणी नाही गं मावशी. मी सहज पळतोय."

"सहज कोन पळतं, मेल्या? सांग, मन घट केलंय मी."

तिला पटेपर्यंत निम्मी वाडी जमली होती. दोघी बायका तर आधीच डोळ्याला पदर लावून तयार. तेव्हापासून मी कुठल्याही वस्तीत शिरताना लांबूनच ओरडतो, "कोणी गेलं नाही! सगळे बरे आहेत!" आणि मग पळतो. मोरूने ही गोष्ट तहसीलदारांपर्यंत पोचवली आहे.

माझ्या घरचं सोडून काय वाटेल ते लिही, असं तू मागच्या पत्रात बजावलंस. मी ते पाळतो. म्हणून शेवटी फक्त एका गृहस्थांविषयी लिहितो, नाव न घेता. हे गृहस्थ चार वर्षं घराच्या ओट्यावर बसून आहेत. कुणाशी फारसं बोलत नाहीत. मी रोज समोरून जायचो, तर चौथ्या-पाचव्या दिवशी ओट्यावरून आवाज आला, "डावा पाय टेकवतोस कसा? असा घोडा मी चढाला घातला नसता." दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर हे सायकल घेऊन दारात उभे, कानाला मफलर. आता रोज मी पुढे आणि ते मागे. जिभेने टक टक आवाज काढतात. तोंड उघडलं की ओरडतात, "मीट ते! घोडा तोंडानं दम घेतो का?" पळून आलो की ओट्यावर बसवून पेंढ्याने माझ्या पोटऱ्या खसाखसा चोळतात आणि भिजवलेले हरभरे-गूळ पुढे ठेवतात. काल मैना म्हणाली, आता फक्त लगाम तेवढा राहिला.

पण हरभरे चावत असताना मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते हसत होते. किती वर्षांनी, ते तूच मोज.

तुझा
गजा

*

खालापूर
ता. १३ जानेवारी १९८६

प्रिय शब्बीर,

सलाम. तुझं पत्र आलं. पळण्याबद्दल दोन पानं चेष्टा आणि त्या गृहस्थांबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे ओळखलंस. तेव्हा लपवाछपवी पुरे. ते अलीचाचा आहेत, तुझे अब्बा. सायकल तुझी आहे. तू गेल्यावर पोटमाळ्यावर टाकली होती, ती चाचांनी स्वतः उतरवली, तेल घातलं, आणि कोणी विचारायच्या आत "लोखंड नुस्तं गंजत होतं" असं रहिमाचाचीला सांगून टाकलं.

तुझी अट मी मोडतोय. रागावायचं तर पत्र पूर्ण वाचून रागाव.

काल रविवार. चाचांनी ठरवलं, की आता मला खालापूर ते कर्जतजवळची दहिवली असं एका दमात पळवायचं, म्हणजे तुझ्या सफुराआपाच्या सासरी चहा पिऊन एस्टीने परत येता येईल. शर्यतीची निम्मी वाट! चौकपर्यंत छान गेलो. पुढे तुझ्या सायकलची चेन पडली. चाचा म्हणाले, "तू हो पुढं, थांबू नको, अंग थंड पडंल. आनि ध्यान ठेव, पोचल्या पोचल्या पानी पिऊ नको. दम बसू दे. तापल्या घोड्याला पानी पाजलं की पोटशूळ उठतो."

मी हो म्हटलं. शब्बीर, या एका होकाराने काय घोटाळा केला बघ.

दहिवलीत पोचलो तेव्हा मी पार गळून गेलो होतो. कपडे ओले, तोंडावर धूळ, डोळे लाल. आपाच्या गल्लीत शिरताना 'कोणी गेलं नाही' म्हणून ओरडायला छातीत हवाच उरली नव्हती. आपा अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून उठली. "गजा? काय रं, इतक्या सकाळी?" मी हाताने 'थांब' म्हटलं. बोलताच येईना. तिने "आत ये" म्हटलं. मी मानेनेच नाही म्हटलं, कारण बसलो असतो तर परत उठलो नसतो. तिने घाईघाईने तांब्या आणला. मला पाण्याबद्दलचं चाचांचं बोलणं आठवलं. मी तांब्या परत केला.

आता तूच सांग. खालापूरचा माणूस, पळत आलेला, उंबऱ्याबाहेर उभा, बसत नाही, बोलत नाही, पाणी घेत नाही. मरणाचा सांगावा आणणारा तरी याहून वेगळा काय करतो?

आपाच्या हातातला तांब्या पडला. "अब्बा!" म्हणून तिने जो टाहो फोडला, तो पुलापलीकडे ऐकू गेला असेल. शेजारणी धावल्या. मी "नाही, नाही" म्हणत होतो, पण सांगावेकरी नाही म्हणतो ते सांत्वनच वाटतं. तेवढ्यात चाचा आले. काळे हात, सायकल ढकलत. कुंपणाशी थबकले. आपाची पाठ त्यांच्याकडे होती. ती जमिनीवर हात आपटत रडत होती, "अब्बा, काय केलंत हे! शब्बीरच्या हातची मूठभर माती बी नाय तुमाला! तो तिकडं, तुमी हिकडं, दोगं बी दगडाचे! आता कुनाशी रुसाल वो, अब्बा?"

चाचा तिथेच उभे. मी त्यांना खूण केली, पण ते मला बघतच नव्हते. स्वतःच्या मरणाचं रडणं माणूस कधी ऐकतो का रे? ते पूर्ण ऐकून मग म्हणाले, "सफुरा, गप. चहा टाक."

पुढचं काय वर्णू! आपा वळली, किंचाळली, वडलांच्या गळ्यात पडली, मग तांब्या उचलून मला दोन तडाखे हाणले. शेजारणी आधी घाबरल्या, मग हसत सुटल्या. एकजण तर हसून हसून पाखडलेल्या तांदळातच बसली. रडायला आलेल्या सगळ्यांना आपाने चहा पाजला. चाचांच्या तोंडाला बोट लावून बघत होत्या बायका, खरे आहेत की काय म्हणून. मी इतका हसलो, की पायांपेक्षा बरगड्या दुखल्या.

पण आता परतीच्या एस्टीतलं ऐक. सायकल टपावर टाकली होती आणि चाचा खिडकीशी बसून होते. चौक मागे गेल्यावर म्हणाले, "गजा, दोह्याला सांगावा किती दिसांत जातो?"

"तार केली तर दोन दिवसांत, चाचा."

"आनि मानूस यायाला?"

"सुट्टी मिळायला हवी, विमान मिळायला हवं. आठवडा तरी लागेल."

"आपल्यात त्याच दिशी माती देतात," ते म्हणाले. मग खालापूर आलं. उतरताना म्हणाले, "सफुरा खरं बोलली." इतकंच. मी तुला हे कळवावं असं ते म्हणाले नाहीत. कळवू नकोस असंही म्हणाले नाहीत.

तू जाताना उंबऱ्यावर दोघं काय बोललात ते मी तेव्हा ऐकलं होतं. ते शब्द तोंडातून गेले ते गेले. चाचांनी तुला न विचारता घोडे विकले, तेही गेले. पण माणूस आहे. शर्यत ९ फेब्रुवारीला. माझ्यासाठी दुआ माग, नाहीतर मोरू मला उरलेली नोकरी सुखाने करू देणार नाही.

तुझा
गजा

*

खालापूर
ता. ११ फेब्रुवारी १९८६

प्रिय शब्बीर,

सलाम, सलाम, सलाम! मी बसून लिहितोय, कारण उभं राहवत नाही. जिना उतरताना मैना मला मागून धरते. पण पुरं केलं रे! बेचाळीसच्या बेचाळीस.

कितवा आलो ते विचारू नकोस. विचारशीलच, म्हणून सांगतो: शेवटचा. माझ्यामागे सायकलवरचे चाचा सोडले तर फक्त मंडळाचा टेंपो होता, थकलेल्यांना उचलून नेणारा. सकाळी निघालो तेव्हा कर्जतची पोरं हरणासारखी पुढे गेली. नवे कॅनव्हासचे बूट मी घालू म्हणत होतो, चाचांनी घालू दिले नाहीत. "शर्यतीच्या तोंडावर कोनी नाल बदलतं का?" ज्यांनी बदलले होते, त्यांतले दोघे टेंपोत बसून मला हात करत होते.

सगळ्यात मजा वाड्यांनी आणली. मला ओरडायची वेळच आली नाही. मी दिसायच्या आत पोरीबाळी, म्हातारेकोतारे रस्त्यावर येऊन तेच ओरडत होते, "कोनी गेलं नाय! सगळं बरं हाय! पळ, गजा, पळ!" सोनुबाई तर काठी टेकत चार पावलं माझ्याबरोबर धावली. खालापूरला पिंपळाशी अख्खी कचेरी उभी होती. मोरूने चहा पुढे केला. साखर होती त्यात! मुली टाळ्या वाजवत होत्या. माझा ऊर भरून आला, आणि तिथेच चूक झाली. आनंदात जोरात सुटलो.

परतीच्या वाटेवर चौकजवळ पाय संपले. दुखणं वेगळं, संपणं वेगळं. मी मैलाच्या दगडावर बसलो. टेंपो येऊन शेजारी थांबला, ड्रायव्हरने दार उघडलं, म्हणाला, "चला भाऊ, खूप झालं." मला ते दार इतकं गोड दिसलं, की मी उठलोही. पण चाचांनी सायकल आडवी घातली. टेंपोवाला हॉर्न वाजवतो, चाचा हलत नाहीत. मला वाटलं, आता घोड्याचं काहीतरी सांगतील. ते माझ्यापुढे उकिडवे बसले आणि हळू बोलले, टेंपोवाल्याला ऐकू जाऊ नये इतकं.

"गजा, शब्बीर निघाला तवा मी वट्यावर बसून होतो. तो वळनापर्यंत तीनदा वळून बघत गेला. मी एक हाक मारली असती तर थांबला असता. नुस्ता थांबला असता, मग गेला असता, पन शिवी घेऊन गेला नसता. माझ्या तोंडातनं हाक निघाली नाय. आज तुला मारतो. उठ, बेटा."

मी उठलो. खरं सांगतो, मी माझ्यासाठी उठलो नाही.

पुढची वाट मी कशी काढली, मला आठवत नाही. मागून टक टक, टक टक, तेवढंच. शर्यत संपते तिथे, दहिवलीच्या पुलावर, सफुराआपा आणि रहिमाचाची उभ्या होत्या. मंडळाने कमान उतरवायला घेतली होती, आपाने भांडून ती पुन्हा धरून ठेवायला लावली. मी खालून गेलो, आणि तिथेच रस्त्यावर आडवा झालो. चाचांनी सायकल टाकली, माझ्या पोटऱ्या चोळायला बसले आणि दोन्ही बाह्यांनी डोळे पुसत राहिले. चाची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ईद जून महिन्यात हाय. त्याला लिव, मी शेवया त्याच्या बी धरूनच करनार." तू येवो न येवो, त्या शेवया होणार आहेत.

तुझ्या रागाला कारण होतं, शब्बीर, आणि मी तुझ्याच बाजूचा होतो, आजही आहे. तरी मला तू इथे हवा आहेस. चार वर्षं मी तुला गावभरच्या बातम्या लिहिल्या आणि हे एक वाक्य लिहिलं नाही.

आता हे पत्र चाचांच्या ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवलं. मैलाच्या दगडाचं ऐकताना मान खाली होती. 'डोळे पुसत राहिले' हे खोडायला सांगतात. म्हणतात, टेंपोची धूळ होती. मी खोडलेलं नाही. पुढे काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पेन दे हिकडं." मराठी चौथीनंतर त्यांनी पेन धरलेलं मी तरी ऐकलं नाही. माझं नाव घालून कागद त्यांच्याकडे देतो.

तुझा
गजा

मी हाय. तू ये.
अली