सोन्याचा कप्पा

मी, लवू बाबाजी धुरी, वय चौऱ्याहत्तर, राहणार चारकोप, कांदिवली (पश्चिम), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कानांचा दाखला कोणी देत नाही; तो खालच्या मजकुरात मिळेल.

१. राहतं घर मुलगा देवेश आणि सून अनुपमा यांना समान. भांडण झाल्यास स्वयंपाकघर अनुपमाचं. ते तसंही तिचंच आहे.

२. औद्योगिक वसाहतीतला प्लेटिंगचा गाळा मुलगी श्रुतिका हिला. त्या गाळ्यात मी झाडू मारायला शिरलो आणि मालक होऊन निघालो. पॉलिशचं बफिंग मशीन विकू नये. कुरकुरतं, पण चालतं. माझंही तेच आहे.

३. आता मूलद्रव्यांचं कपाट. सुरुवात निकेल-क्रोमियमपासून झाली, कारण ती हाताखालचीच. मग फुटक्या थर्मामीटरमधला पारा, बल्बमधली टंगस्टनची तार, रॉकेलात बुडवलेलं सोडियम. प्रत्येकाला एक कप्पा. हेलियमचा फुगा दोनदा आणला. दोन्ही वेळा कप्प्यात नुसतं रबर उरलं. शेजारचे विद्याधर ट्रॉम्ब्याला अणुकेंद्रात नोकरीला होते. "चिमूटभर युरेनियम मिळेल का हो?" एवढंच विचारलं, तर गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. ते साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही. याचं मला दुःख नाही.

४. अनुपमा तोंडावर बोलते. "बाबा, हे भंगार हललं तर माझं वॉशिंग मशीन बसेल ना!" पण सोडियमवरचं रॉकेल आटलं की न सांगता भर तीच घालते. वर म्हणते, "घर पेटलं तर भांडी माझी जळतील."

देवेश म्हणतो, "बाबा, तुमचा हा ठेवा आम्ही जिवापाड जपू." इतकं गोड तो पूर्वी फक्त प्रगतिपुस्तक लपवलेलं असताना बोलायचा.

५. यंदा श्रावणात मी देवासमोर जप करत होतो, म्हणजे ऐकत होतो. कपाटाचं कुलूप उघडलं. माझी किल्ली लोखंडी, खरखरते. ही गुळगुळीत फिरली: पितळी, नवी करून आणलेली. धातूचा आवाज ओळखण्यावर माझं पोट चाललं आहे. मग सोन्याचा कप्पा करकरला आणि देवेश पुटपुटला, "च्यायला, वाट लागली!" तेव्हापासून तो सुतकी चेहऱ्याने फिरतो. सोनं कुठे गेलं हे त्याला मला विचारता येत नाही; विचारलं तर किल्लीचं सांगावं लागेल.

६. त्या कप्प्यात सोनं कधीच नव्हतं. माझी पत्नी कै. शुभा हिच्याकडे मी मंगळसूत्रातला एक मणी मागितला होता. "माजा सोना तुमच्या भंगारात जाऊचा नाय!" असं म्हणाली. पण त्या दसऱ्याला तिने आपट्याचं पान आणून कप्प्यात ठेवलं. "घेवा सोना. आता तरी गप रवा." पुढे दर दसऱ्याला ती पान बदलायची. तिच्या हातचं शेवटचं पान मी बदललेलं नाही.

७. सबब कपाट अनुपमाला. मशीनसाठी खुशाल हलवावं. फोडून विकू नये. सोडियम धुण्याच्या पाण्यापासून लांब ठेवावं, नाहीतर कपाटही जाईल आणि मशीनही.

८. त्यातला सोन्याचा कप्पा मात्र देवेशला. आईचं पान काढू नये. दर दसऱ्याला त्याच्याशेजारी नवं ठेवावं. किल्ली त्याच्याकडे आहेच.

ठिकाण: चारकोप, मुंबई
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

(सही) लवू बाबाजी धुरी

धुरी यांनी आम्हा दोघांच्या समक्ष, शुद्धीत आणि हसत सही केली.

साक्षीदार:
१. विद्याधर सामंत (युरेनियमचा उल्लेख गाळण्याची विनंती केली होती, मान्य झाली नाही)
२. डॉ. रेवती कर्णिक