अंड्यांचा पंचनामा

क्रॉयडन,
१४ मार्च २००४

चि. अनुराधास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस का, की नुसतीच बाटलीकडे बघत बसतेस? इथे सगळे मजेत. सुश्रुतचं ऑफिस, आसावरीची ट्रेन, तनिषाची शाळा आणि माझ्या पोळ्या, सगळं वेळेवर. थंडी मात्र मेली हाडात शिरते.

आता बातमी ऐक. तुझ्या ताईने निवृत्तीनंतर सहा वर्षांनी पंचनामा केला! तोही इंग्लंडात, आणि तोही अंड्यांचा!

जानेवारीपासून दर शनिवारी कोणीतरी आमच्या दारावर अंडी फेकत होतं. एकदा दाराच्या फटीतून चिठ्ठीही आली, ‘आपल्या देशात परत जा.’ सुश्रुत म्हणाला, “आई, लीव्ह इट. आमचा व्हिसा रिन्यूअलला आहे, उगाच कुठे नाव यायला नको.” आसावरी गुपचूप दार पुसायची. मी म्हटलं, अरे, अंडी त्यांनी फेकायची आणि तोंड आपण लपवायचं? हा कुठला न्याय!

मग लायब्ररीत कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, कागद दिसला. वंशद्वेषाचा त्रास होत असेल तर कळवा, असा. कळवलं, तर डेनिस नावाच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, तुम्हाला तसं वाटलं ना, मग आम्ही तसंच नोंदवणार, पुरावा नंतर बघू. अनू, तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढली, पण सांगणाऱ्याचं म्हणणं आधी लिहून घ्यायचं असा नियम काही माझ्या बघण्यात आला नव्हता. व्हिसाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हेही त्यांनी सुश्रुतला बजावलं. मला कोरे तक्ते दिले. काय घडलं, कधी घडलं, ते लिहीत जायचं. कोरा तक्ता बघून माझे हात शिवशिवलेच.

पुढच्या शनिवारी अंडी पडली तशी मी शिवणाची टेप घेऊन बाहेर! ‘उजव्या चौकटीपासून दोन फूट, जमिनीपासून चार फूट उंचीवर अंडे एक, फुटलेले. पायरीवर दोन, पैकी एक अखंड.’ चतुःसीमासुद्धा घातल्या. पंच म्हणून शेजारची मॉरीन, सत्तरीची, गाउनवरच आली आणि ऐटीत सही करून गेली. डेनिसबाईंनी वाचलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पण दोन आठवड्यांत दारावर कॅमेरा लागला, मागच्या रस्त्यावरच्या दोघा टवाळांच्या घरी पोलीस जाऊन आले, आणि अंडी बंद. मॉरीन म्हणते, आता शनिवारी करमत नाही.

शेवटच्या भेटीत डेनिसबाईंनी विचारलं, “आणखी काही?” मी म्हटलं, “नाही.” तनिषा तिथेच चित्र रंगवत होती. तिने मान वर केली नाही.

अनू, आता लिहितेच. बर्फावरून घसरले आणि चष्मा फुटला, असं तुला कळवलं होतं. घरीही तेच सांगितलं. खोटं होतं ते. ट्रामच्या स्टॉपवर तनिषा आणि मी मराठीत गप्पा मारत उभ्या होतो. एक माणूस आला, चांगला कोटबिट घातलेला. माझ्या तोंडावर थुंकला, चष्मा हिसकून फेकला आणि गेला. मी पदराने तोंड पुसलं आणि पोरीला म्हटलं, “घरी सांगायचं नाही हं.” तेव्हापासून ती रस्त्यात माझ्याशी इंग्रजीतच बोलायची, तेही कुजबुजत. लाज त्या मेल्याला वाटायला हवी होती. ती मला वाटली, आणि मी सात वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बांधली. लोकांच्या नोंदी जन्मभर तपासल्या आणि स्वतःचीच खोटी केली गं!

तर त्या दिवशी डेनिसबाई निघायला कोट चढवत होत्या. मी म्हटलं, “थांबा, एक नोंद राहिली आहे.” सगळं सांगितलं. सुश्रुत रडला. आसावरीने माझा हात सोडला नाही. मी सही करते तोच तनिषा पेन मागायला लागली. “मी पण सही करणार. मी बघितली होती,” तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. डेनिसबाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला. पोरीने जीभ बाहेर काढून, रविवारच्या मराठी वर्गात शिकवतात तसं, मराठीत नाव लिहिलं.

तो माणूस सापडेल की नाही, देव जाणे. स्टॉपवरच्या कॅमेऱ्यात काही दिसतंय का, ते बघतायत. पण काल त्याच स्टॉपवर, एवढी माणसं उभी असताना, ही बया पुढे धावली आणि बोंबलली, “आजी, चल ना लवकर, ट्राम आला!” सगळ्यांनी वळून बघितलं. मीही तितक्याच मोठ्याने ओरडले, “आले गं बाई, आले!”

तेव्हा मागच्या पत्रातली बर्फाची नोंद रद्द समजावी. वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर व खरा आहे.

तुझी,
लीलाताई