गिरणीची तारीख पुढं नेली तो दसरा

माय,

तू गेली तेव्हा माझा मोठा पोरगा पाळण्यात होता. आता त्याची पोरगी नोकरीले जाते, आणि तिच्या नोकरीचंच तुले सांगायचं आहे, कारण घरात आता माझं कोणी ऐकत नाही. सून म्हणते, "आई, तेच ते किती खेप सांगसान?" शेजारीण मले दुरून पाहूनच दार लोटून घेते. तू कुठं जाणार? तुले ऐकावंच लागन. मी दुसरीपर्यंत शिकली तेवढंच. पुढं म्हातारपणी नातीनं हाताले धरून गिरवून घेतलं, म्हणून अक्षर मोठं येते आणि ओळ खाली घसरते. हा कागदही तिच्याच गिरणीतला आहे. कंप्युटरचा, दोन्ही कडांनी भोकं असलेला. एका बाजूनं छापून वाया गेला की ती घरी आणते, मी पाठकोऱ्यावर लिहिते.

इथं अमरावतीले, नांदगाव पेठेच्या रस्त्यानं पुढं गेलं की एक सूतगिरणी आहे. तिथं ती कंप्युटरवर आहे. हंगामी. म्हणजे दर काही महिन्यांनी साहेब कागदावर सही करतो तेव्हा ती पुढं राहते, नाहीतर घरी. तर मागच्या वर्षी बँकेनं गिरणीले कळवलं, की तुमच्या सगळ्या मशिना सन दोन हजारले चालतीन असं दिवाळीच्या आत लिहून द्या, नाहीतर यंदा कापूस घ्यायले पैसे मिळणार नाहीत. तुले वाटन, सालाचा आणि मशीनचा काय संबंध? मलेही वाटलं होतं. नात म्हणे, "आजी, ज्यानं कोणी हे बनवलं, त्यानं सालाले दोनच आकड्यांची जागा ठेवली. नव्याण्णव संपलं की शून्य-शून्य. मशीनले वाटन, एकोणीसशे साल आलं." मी म्हटलं, बाप्पा, म्हणजे माझ्या मायच्याही जन्माच्या मागं! "हाव. मंग ते बंद पडन, नाई तं पगार चुकवन, नाई तं काहीच नाई करन. कोनालेच माहीत नाई, अन् तेच शोधाचं आहे." मीटिंगमधे साहेबानं विचारलं, हे काम कोण घेते? सगळे गडी आपापल्या चहाच्या कपात पाहू लागले म्हणे. ही एकटी समोर पाहत होती, तर हिच्याच गळ्यात पडलं. जमलं तर कायम करू, असं साहेब बोलले. नाही जमलं तर काय, हे बोलायची गरज नव्हती. माय, गावाकडं कापसाचं काही खरं राहिलेलं नाही, इथल्या चार गिरण्यांतली एखादीच धडधडते. कायम हा शब्द आमच्या घरात कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं, नजर लागन म्हणून.

पहिले दोन-तीन महिने ती नुसती फिरली. तारीख ज्याच्या-ज्याच्यात आहे ते सगळं हुडकायचं होतं. पगाराचा कंप्युटर, गोदामातला, गाडी मोजायचा वजनकाटा, कामगार येता-जाता कार्ड टाकतात ते हजेरीचं मशीन, सूत काढायच्या परदेशी मशिनांचे कंप्युटरवाले डबे, आणि काय-काय. ज्यांनी विकल्या त्या कंपन्यांले चिठ्ठ्या लिहिल्या. कोणी उत्तर दिलं, कोणी नाही. एक तर कंपनीच उठून गेली होती. मशिनांवर खूण करायले रंगीत चिकटचिठ्ठ्या मागितल्या तर स्टोअरवाला म्हणे, मंजुरी आणा. हिनं काय केलं, बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली! तपासायची बाकी असन त्याले लाल टिकली, पास झाली की लाल काढून हिरवी. फोरमन आहे तिथं एक, मिश्यांचा, तीस वर्षांचा जुना. तो म्हणे, "काहून म्याडम, माह्या मशिनायचं लगन लावून राहिल्या का?" ही म्हणे, "नाई जी, फक्त पोरगी दाखवाले आनली. पसंती तुमचीच." ती जेवता-जेवता नकला करते, मिशीवर बोट फिरवून. मले ठसका लागतो, सून पाणी देते, आणि पोराचा चेहरा कडक, कारण त्याले पोरीनं मास्तरीण व्हायले पाहिजे होतं.

पण गिरणी बंद कुठं असते, माय? तीन पाळ्या. एक मशीन बंद करा म्हटलं की फोरमन सूत किती बुडलं ते सांगते. तपासायचं म्हणजे मशीन थांबवून तिची तारीख पुढं न्यायची, एकतीस डिसेंबर करायची, आणि ती नव्या सालात कशी जाते ते पाहत बसायचं. साहेबाकडं गेली की साहेब म्हणे फोरमनले विचार, फोरमनकडं गेली की तो म्हणे साहेबाले विचार. भादवा असाच गेला. मशिनांवर लालच लाल. एक दिवस ती आली आणि चप्पल न काढताच म्हणे, "आजी, सापडला दिवस. दसरा."

दसऱ्याले सगळी गिरणी थांबते. मशिना धुतात, तेलपाणी करतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. फोरमननं ऐकलं तर तो भडकलाच. "दसऱ्याले मशीनले हात लावत नाई कोनी. गिरनी सुरू झाली तवापासून नाई लावला."

"मंग धुते कोन? तेल कोनाच्या हातानं जाते?"

"ते पूजेच्या आधी."

"माहं बी पूजेच्या आधीच आहे. तुमी बाहेरून धुता, मी आतून तारीख धुते."

त्यानं मिशी ओढली म्हणे. मग म्हणाला, "दुपारी पूजा आहे. भटजी आले की तुमचा हात बाहेर." ही म्हणे, बाहेर.

माय, हे ती सांगत होती तेव्हा मी भाकरी थापत होती आणि माझा हात थांबला. मले अकोल्याचं तुझं कापसाचं जिन आठवलं. तू ओसरीत बसून कापसातला कचरा वेचायची, मी तुझ्या मागं. दसऱ्याच्या दिवशी तुम्हा बायांले फाटकाच्या बाहेर उभं करायचे, आत पूजा चालायची, आणि नंतर मुकादम ओंजळीत वरून खोबरं टाकायचा. मी एवढीशी होती. फाटक उघडं दिसलं तर घुसली आत, सरकी काढायच्या चरख्यावरच्या माळेतलं एक फूल ओढलं. मुकादम ओरडला. आणि तू, माझी माय, तू त्याच्या आधी पोहोचली आणि त्याच्या डोळ्यांदेखत माझ्या दोन्ही गालांवर अशा ठेवून दिल्या, की मले त्या दिवसाची पुरणपोळी कोणत्या बाजूनं चावू ते समजेना. मले तेव्हा वाटलं तू त्याच्या बाजूची आहे. पुढं मी आई झाली तेव्हा कळलं, की तू मारलं नसतं तर त्यानं मारलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तुझी जागा दुसरीले गेली असती. कळलं, पण गाल तो गालच. आता दसऱ्याच्याच दिवशी, तशाच मशिनांत, माझी नात साहेबासारखी उभी राहणार, आणि तिले कोणी काही बोललं तर? झोपेतही माझं तेच चालू होतं.

घरात वेगळीच लढाई. आम्ही दसऱ्याले दीक्षाभूमीले जातो नागपूरले, सगळे, दरवर्षी. तू तर पहिल्या साली गाडीत जागा नव्हती तरी दारात बसून आली होती. पोरगा म्हणे, "वर्षाचा एक दिवस. तो बी त्यायच्या पूजेच्या पायी सोडाचा?" नात म्हणे, "बाबा, पूजेच्या पायी नाई. नोकरीच्या पायी. अन् गिरनीत त्या दिवशी पूजेत नसनारे दोघंच, मी अन् इलेक्ट्रिकवाले चाचा. आमीच नाई तं कोन करन?" पोरगा जेवण टाकून उठला. मी म्हटलं, मी पण नागपूरले येत नाही, माझे गुडघे दुखून राहिले. ते चालले गेले, आणि मी चांगली डबा घेऊन नातीच्या मागं गिरणीत.

आत गेली तर काय, सगळं शांत! एवढ्या मोठ्या गिरणीचा आवाज नाही म्हणजे कानात भणभण होते. माणसं फडक्यानं मशिना पुसून राहिली होती, झेंडूची पोती सोडलेली. मले एका स्टुलावर बसवलं. नात आणि चाचा एकेका डब्यापाशी जात, काही दाबत, थांबत, लिहीत. पहिली हिरवी टिकली लागली तेव्हा चाचा माझ्याकडं पाहून म्हणे, "अम्मा, एक पास!" मग मी बसल्या-बसल्या बोटांवर मोजत राहिली. एकामागून एक पास. वजनकाटा पास, गोदाम पास. पगाराच्या कंप्युटरनं जरा कुरकुर केली, पण त्याच्यावर तिनं आधीच काम केलेलं होतं. तिचा चेहरा असा उजळलेला, तू पाहिला असता तर दृष्ट काढली असती.

आणि हजेरीच्या मशीनपाशी अडलं. शेवटचंच होतं ते. इकडं भटजी आले, ताटं मांडली, माणसं हात धुवून उभी. नात मशीनपुढं वाकलेली. फोरमन आला.

"झालं काय, म्याडम? पूजेची खोटी होऊन राहिली."

"दादा, इकडं पाहा. एक जानेवारी केली. वार कोनता पाहिजे?"

फोरमननं भिंतीवरच्या पुढच्या सालाच्या कॅलेंडरवर बोट नेलं. "शनवार."

"हे काय म्हनते?"

"सोमवार." त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "सोमवारच म्हनते लेकाचं."

"वार चुकला म्हंजे सुट्टीच्या दिवशी तुमी घरी राहसान, अन् हे तुमाले गैरहजर लावन. सगळ्यायले. पगार कटन."

सगळी माणसं जवळ आली. एक म्हणे, फोडा याच्यावरच नारळ. हशा झाला, पण फोरमन हसला नाही. तो भटजीकडं वळला आणि म्हणे, "महाराज, चहा घ्या. अर्धा घंटा लागन." कोणीतरी म्हणे, मुहूर्त निघून जाईन. तर फोरमन, मिशी फुरफुरवून, "मुहूर्त जाईन तं जाईन, हजेरी जाईन त्याचं काय?" आणि स्वतः स्टूल ओढून तिच्या बाजूले बसला. ती कळ दाबे, तो वार वाचे. फेब्रुवारीही पाहिला, यंदा एकोणतीस दिवसांचा आहे, मशीनले तेही ठाऊक नव्हतं. शेवटी त्याच्यावर लाल टिकली तशीच राहिली, पण दोष काय आहे ते कळलं. आतली चकती बदलावी लागन, नाहीतर हजेरी हातानं. ती म्हणे, नापास कळणं म्हणजेही तपासणंच आहे.

मग पूजा झाली. फोरमननं नारळ तिच्यापुढं धरला. ती म्हणे, "दादा, आमी नाई करत. तुमी फोडा, खोबरं मी खाईन." मग फोरमन म्हणे, "मंग मोठा तुकडा तुमचा," आणि फोडला. तिच्या हातावर हात टेकवून दिला. मलेही दिला. खवट होतं जरासं. मी सगळं खाल्लं.

चकती दिवाळीनंतर आली. तोवर हजेरी हातानं घेऊ असं लिहून बँकेले कागद आधीच गेला होता, कापसाचे पैसे सुटले, गिरणीच्या फाटकात गाड्या लागल्या. आता तू म्हणशील, एवढं झालं तर पोरगी कायम झाली असन. ऐक. साल बदललं त्या रात्री ती गिरणीतच होती. सकाळी आली, म्हणे काहीच झालं नाही आजी, आणि झोपली. सोमवारी साहेबानं सगळ्यांसमोर चहा पीत म्हटलं, "पाहिलं? काहीच झालं नाही! बाईनं वर्षभर उगाच आमचं डोकं खाल्लं." सगळे हसले. तीही हसली म्हणे. फोरमन तेवढा हसला नाही, पण साहेबापुढं बोललाही नाही. त्याची पेन्शन जवळ आली आहे. कायमचं विचारलं तर साहेब म्हणे, काम तर संपलं. मग तिनंच आठवण दिली, की फेब्रुवारीची एकोणतीस अजून यायची आहे. तर तिले मार्चपर्यंत ठेवली आहे. एका तारखेवर नोकरी, माय! मी तरी खूश आहे. तीही खूश आहे, रोज डबा घेऊन जाते, नकला करते. पोरानं परवा शेजाऱ्याले सांगितलं, "माह्या पोरीनं गिरनी थांबू देली नाई." मी आतून ऐकलं.

हे टपालात टाकायचं नाही, तुझा पत्ता मले ठाऊक नाही, म्हणून एक सांगून ठेवते. साल बदललं त्या सकाळी ती "काहीच झालं नाही" म्हणाली, तेव्हा मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मनातून मले वाईट वाटलं. मले वाटत होतं, एखादं तरी मशीन थोडंसं बंद पडावं. साहेबाच्या खोलीतलंच पडावं, म्हणजे मग ते तिले बोलवायले धावत येतीन. एकोणतीस तारीख यायची आहे. तेव्हा काय वाटू द्यायचं, ते माझं अजून ठरत नाही. तिले सांगू नको.