त्याला गाडी लागते

आबा,

पहिला गिअर टाकताना तुमची लाल गाडी आधी घसा खरवडल्यासारखं करायची, मग क्षणभर गप्प व्हायची आणि मग पोटातनं असा काही हुंकार द्यायची, की सुर्लीचा घाट लागला हे मला डोळे मिटूनही कळायचं. गेल्या आठवड्यात अमेरिकेची जमीन सोडताना विमानानं तसाच हुंकार दिला आणि मी, एवढा म्हातारा माणूस, मान उंच करून पुढं तुमची खाकी पाठ दिसते का ते बघायला लागलो.

मे महिन्याच्या सुट्टीत आपण साताऱ्याहून विट्याला मामाकडं निघायचो. गाडी तुमची, ड्युटी तुमची. केबिनमध्ये तुमच्या डाव्या हाताला एक एकटी सीट होती, ती मात्र कायम धाकट्याची, बारक्याची. “त्याला गाडी लागती रं,” तुम्ही म्हणायचा. “तू मागं बस. तुझं पोट घट हाय, मास्तर.” मास्तर ही पदवी मला शाळेतल्या कवितांमुळं मिळाली, पुढं खराच मास्तर झालो ते वेगळं. बारक्या मुठीत लिंबू धरून ऐटीत तुमच्या शेजारी बसलेला आहे, त्याच्यासमोर सगळा रस्ता, झाडं, बैलगाड्या उलगडत चालल्या आहेत, आणि मी आईजवळ तिसऱ्या बाकावर, पुढच्या माणसाचा फेटा बघत. एकदा घाट चढताना मी तिथूनच बेंबीच्या देठापासून अख्खी कविता म्हटली. शेजारची बाई आईला म्हणाली, “लय गुणाचं पोरगं गं तुझं.” तुम्ही मान वळवली नाहीत. इंजिनाच्या आवाजात कविता तुमच्यापर्यंत पोचलीच नसणार. मग एकदा मीही उलटीचं सोंग केलं. कराडच्या स्टँडवर तुम्ही माझं तोंड निरखून बघितलंत आणि हसलात. “सकाळी दोन भाकरी हाणल्यात की रं. जा, बस जा माघारी.”

आता ऐका. बारक्याचा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याच्या मुलीच्या बारशाला आम्ही दोघं भाऊ गेलो होतो. बारक्या आता मोठा माणूस झालाय, आबा. शाळा अर्धी टाकून विट्याच्या लोकांबरोबर सोनं गाळायला कोइंबतूरला गेला, भट्टीपुढं डोळे तांबडे करून घेतले, आणि आज तिथं त्याची स्वतःची गलाईची दुकानं आहेत. परतीची तिकिटं पुतण्यानं बिझनेस क्लासची काढली. दोघांचीही, त्यात त्यानं डावंउजवं केलं नाही, हे सांगायला हवं. रात्रीत अटलांटिक ओलांडायचा, लंडनला उतरायचं, तिथनं मुंबई. “काका, बसायचंच नाही, झोपून जायचं. सीटचा पलंग होतो,” तो म्हणाला. आणि तिकीट हातात देता देता सहज पुढं म्हणाला, “खिडकी पप्पांना दिलीय हं. त्यांना गाडी लागते ना.” आबा, माझे केस पांढरे झालेत, दात बनवून घेतलेले आहेत, मला नातवंडं आहेत. पण ते वाक्य कानावर पडलं आणि मी परत तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो.

विमानात थाट काय विचारू नका. गरम गरम ओले टॉवेल, मांडीवर पांढरंशुभ्र कापड, बोटाएवढ्या बाटलीत मीठ. बारक्यानं सुनेच्या फ्रिजमधनं आणलेलं लिंबू मुठीत धरलं होतं. हवाईसुंदरीनं ते बघितलं, गोड हसून अलगद काढून घेतलं, आणि थोड्या वेळानं बशीत त्याच्या पातळ चकत्या करून आणून ठेवल्या. बारक्या बशीकडं बघतच राहिला. “आरं दादा, हिनं काय केलं बघ की! आता ह्ये हुंगायचं का चाटायचं?”

“चाट,” मी म्हणालो. “बिझनेस क्लासमध्ये चाटायची पद्धत आहे.”

त्यानं खरंच चाटलं, तोंड वाकडं केलं, सीट आडवी केली आणि घोरायला लागला. उलटी नाही, मळमळ नाही, काही नाही. खिडकीबाहेर ढगांवर चांदणं सांडलेलं होतं, शाळेतल्या कवितेत असायचं तसं, आणि ते बघायचं तर मला त्याच्या पोटावरून वाकावं लागत होतं. मी जागाच. पाठ होत्या तेवढ्या सगळ्या कविता मनातल्या मनात म्हटल्या. पलंग उत्तम, पांघरूण उत्तम, डोळ्याला डोळा नाही.

उजाडताना तो एकदम उठून बसला. डोळे ओले. “दादा, आबा आलं हुतं.”

“कुठं?”

“सपनात. सुर्लीचा घाट चढत हुतो. कानाला त्यो मफलर. मी म्होरंच बसलेलो.” (म्होरंच. अर्थातच.) “मागं बघून मला म्हणालं, मास्तर गप का बसलाय? त्याला म्हणायला सांग की.”

माझ्या हातातला चहा त्या पांढऱ्याशुभ्र कापडावर सांडला.

आबा, तुमचा फोटो माझ्या भिंतीवर आहे. तुमचा बिल्ला माझ्या कपाटात आहे. शेवटच्या दुखण्यात उशाशी मी होतो, तो कोइंबतूरला भट्टीपुढं. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही माझ्या स्वप्नात आला नाहीत, आणि आलात ते त्याच्याकडं, आणि माझा निरोप त्याच्या हाती दिलात! मी हाताच्या अंतरावर होतो. जरा इकडं वळला असतात. जळतो मी, दुसरा शब्द नाही. कधी वाटतं, मला बरं वाटावं म्हणून त्यानंच हे रचलं. पण तो रचणाऱ्यातला नव्हे, रचणारा मी. आणि खरं असेल, तर तुम्ही ती कविता तेव्हा ऐकली होतीत का? का घाटात कुणीतरी ओरडतंय एवढंच कळलं होतं? हे मला त्याला विचारून कळणार नाही. तुम्हालाच विचारायला हवं, म्हणून आल्यापासून साताऱ्यात रोज दुपारी खिडकीकडच्या अंगाला झोपतो, उशाखाली लिंबू ठेवून. सूनबाई म्हणाली, “बाबा, मुंग्या येतील हं.” तुम्ही आला नाहीत. मुंग्याही आल्या नाहीत.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात बारक्या. तो आज कोइंबतूरला असायला हवा होता. ड्रायव्हर घेतल्याशिवाय कोपऱ्यावरही न जाणारा माणूस, एकटाच, तोंड हळदीसारखं पिवळं, रुमाल ओठांवर दाबलेला.

“तू? आणि गाडी कुठाय तुझी?”

“एस्टीनं आलो. विट्यास्नं.” तो चौकटीला टेकला. “म्हटलं, घाटात आबा परत एकडाव दिसत्याल. केबिनीत कोण बसू देईना, मग तुझ्या तिसऱ्या बाकावर बसलो. काय न्हाई दिसलं रं दादा. म्होरल्याचं टकुरं आन् नुस्त्या उलट्या.”

तो मोरीत चूळ भरतोय, तेवढ्यात लिहून टाकतो. हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, म्हणून लिहितो. ‘काय न्हाई दिसलं’ हे ऐकून मला आधी बरं वाटलं, आबा. त्याचं पडलेलं तोंड मला नंतर दिसलं.

आता हाक मारतोय, लिंबू हाय का म्हणून. आहे. उशाखाली आहे, अख्खं.