पुठ्ठ्याची घडी

ता. ९
ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र लवकर आलं म्हणून घाबरू नकोस, नोकरी शाबूत आहे. आपला आणि पलीकडच्या देशाचा व्यापार-करार संपत आलाय ना, तो पुढे चालवायची बोलणी आमच्याच हॉटेलात चाललीत. मी तिथला सुतार. दोन्हीकडे नऊ-नऊ खुर्च्या, एकाच मापाच्या. एकीकडे खिळा ठोकला तर दुसरीकडेही ठोकायचा, तोही दोघांच्या माणसांसमोर. मुकादम म्हणतो, कुणी कुणाहून अर्धं सूतही उंच बसता कामा नये. एका जागी राहून माझ्या अंगाला मुंग्या आल्यात.

भांडत जा, पण लिहीत जा.
तुझा धाकटा

ता. १५
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मुंग्या राहू देत. तुझे दाजी ट्रक घेऊन पलीकडे सरहद्दीच्या फाटकावर अडकलेत; करार संपत आला म्हणून आत्तापासूनच गाड्या सोडत नाहीत. एका ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी आली. तीस तारखेच्या आत सही झाली नाही तर ट्रक जप्त होणार, आणि माणूस कधी सुटेल ते कुणी सांगत नाही. तुझ्या हातात काही नाही हे कळतं मला. तरी कानावर पडेल ते कळव.

जिवाला जप.
ताई

ता. २९
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सही झाली. पण मधले दोन दिवस बोलणी माझ्यापायी बंद होती, ते दुसऱ्याकडून कळायला नको. आपल्या बाजूच्या म्हाताऱ्या वकिलाची खुर्ची डुगडुगायची. तुझं पत्र खिशात. वाटलं, हा नीट बसला तर काम लवकर उरकेल. सगळे जेवायला गेल्यावर पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, कुणाला न विचारता. दुसऱ्या दिवशी समोरच्यांनी ती पाहिली. खुर्ची उंच का केली, आत काय लपवलंय, म्हणत उठून गेले. आपले म्हणाले, हे त्यांचंच काम.

दोन दिवस मी गप्प. मग राहवेना. दोघांच्या माणसांसमोर उभा राहून सांगितलं की घडी माझी, दाजी फाटकावर आहेत म्हणून घाई केली. उलगडून दाखवली; खिळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा. समोरच्या एका साहेबानं ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, त्यांचीही एक खुर्ची डुगडुगते, तिलाही लाव. मी लावताना दोन्हीकडचे साहेब उकिडवे बसून बघत होते.

दाजी सुटले का? लगेच कळव.
तुझाच, कान पिळलास तरी

ता. ५
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा आले. वाळलेत, पण धड आहेत. तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, त्या दोन दिवसांत फाटकावरच्या रांगेतल्या साडेतीनशे ड्रायव्हरांनी बोलणी बंद पाडणाऱ्या ज्या कुणाला शिव्या घातल्या तो आपला मेहुणाच निघाला. शिव्या परत घ्यायला तयार नाहीत. पण पत्र स्वतःच्या खिशात ठेवलं.

आज पुन्हा माल भरून निघाले. मी नको म्हटलं. तर म्हणाले, करार सहाच महिन्यांचा झालाय, तेवढ्यात होतील तेवढ्या फेऱ्या मारून घेतो.

आठवण ठेव.
ताई