तुझी भाऊबीज उचलून ने

उदगीर, सोमवार दुपार

चि. वीरेश यास,

अंजूअक्काचे भरभरून आशीर्वाद, मामंजींचा शरणार्थ आणि सासूबाईंचा हुकूम. इकडे मामंजींची शुगर सोडून सगळं ताळ्यावर आहे. तुझा खोकला गेला का? नांदेडच्या थंडीत गाडीवर कान उघडे टाकून फिरू नकोस (केस बिघडतात म्हणून टोपी घालत नाहीस, पण आता बिघडायला उरलेत किती?). फोन सोडून पत्र का, म्हणशील. सासूबाईंचं म्हणणं, "फोनवर ते पोरगं रेंज न्हाई म्हनतंय. कागदावर लिही." त्या शेजारीच बसल्यात आणि ओळ झाली की वाचून घेतायत. (कंसातलं मी गाळते.)

तर भाऊबीजेला तू ओवाळणीत दिलेला एअर फ्रायर. "अक्का, आता बिनतेलाची भजी खा" म्हणत तू ऐटीत निघून गेलास, पण इथं भज्यांना सोळा माणसं बसतात याचा विचार केला नाहीस. त्याच संध्याकाळी मी मिरची भजी लावली. पीठ सगळं जाळीतून खाली गळालं आणि मिरच्या उघड्याबोडक्या भाजून निघाल्या. डॉक्टरांनी तेल बंद केल्यापासून मामंजी भज्यांसाठी झुरतायत, त्यांनी तशीच एक मिरची खाल्ली आणि ताट सरकवून उठले. मग बटाट्याचे काप केले. ते जमले, आणि तिथंच घोटाळा झाला. एका वेळी निघणार मूठभर, आणि टिंग वाजलं की घरातली झाडून सगळी पोरं हजर. ज्यांना मिळालं ते चिडवणार, बाकीचे भोकाड पसरणार. तुझे दाजी न्याय करायला मधे पडले (न्याय करता करता अर्धे काप त्यांनीच खाल्ले).

तरीही निभावलं असतं, पण कार्तिकातल्या सोमवारी वीरभद्र स्वामी जेवायला आले. सासूबाईंची रीत अशी, की पंगतीत सगळ्यांच्या ताटात गरम वडा पडल्याशिवाय स्वामींनी घास घ्यायचा नाही, आणि स्वामींच्या आधी बाकी कुणीही नाही. मला काय दुर्बुद्धी सुचली, वडे मी यंत्रात लावले. दुसरा घाणा होईतो पहिला गार, आणि तिसरा आत असताना लाइट गेली. स्वामी डोळे मिटून बसले. आम्हाला वाटलं जप चालू आहे, पण त्यांचं पोट गुरगुरलं ते सगळ्या पंगतीनं ऐकलं. शेवटी सासूबाईंनी पदर खोचून कढई चढवली आणि बघता बघता ताटं भरली. स्वामींनी यंत्रातला वडा मात्र हळूच बाजूला सारला आणि म्हणाले, "उमाबाई, ह्यो गाईला बी घालू नका. मुकं जनावर हाय, सांगनार कुनाला?"

सासूबाईंना लई लागलं. मोठ्या घरात असलं खेळणं चालत नाही, भावानं येत्या सोमवारी येऊन ते उचलून न्यावं, असा निकाल झाला. मलाही पटतं. सोळा माणसांत हे यंत्र म्हणजे दर्यामें खसखस. तेव्हा ये आणि घेऊन जा.

तुझी,
अंजूअक्का

ता. क. सासूबाई आडव्या झाल्या, आता खरं लिहिते. सोमवारी ये, पण यंत्राला हात लावू नकोस. निकाल लागल्यापासून त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. दुपारी घर निजलं की मी चार कोथिंबीर वड्या लावते आणि पाय पसरून एकटी खाते. आत्ताही लावल्यात. वीरेश, लग्न झाल्यापासून मी कढईपुढं उभीच आहे रे. सगळ्यांना गरम वाढायचं आणि आपण शेवटी बसून तळाचं गार खायचं. परवा गरम वडीनं जीभ भाजली तर मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. म्हणून तू सासूबाईंसमोर ठासून सांग, ओवाळणी माघारी नेली तर भावाला बाधते. त्या रीतीपुढं कुणाचं चालू देत नाहीत.

ता. ता. क. एवढं लिहिते तोवर सासूबाई उठून आल्या. बशी लपवायला वेळच मिळाला नाही. त्या समोर बसल्या, दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरी उचलत म्हणाल्या, "मी बी जलमभर गारच खाल्लं गं. त्याला लिही, ह्ये बदलून जरा मोठं आन म्हनावं. दोघींचं भागत न्हाई ह्यात."