कातळावरच्या लगोऱ्या

१० ऑक्टोबर

एप्रिलनंतर आज उघडते आहे तुला. वेळ नव्हता असं म्हणणार नाही, वेळ होता. टाळलं. माफ कर.

उकाडा एकदाचा सरला. सकाळी सायकल काढली आणि जॉर्गनच्या घळीच्या काठापर्यंत गेले. वाळूत चाक रुतायला लागलं तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालले — कडेच्या काळ्या मातीवर पाय पडायला नको. तिचा जिवंत पापुद्रा एकदा मोडला की पुन्हा धरायला माझं उरलेलं आयुष्य पुरणार नाही.

जुनिपरच्या झाडाला सायकल टेकवून कातळावर उतरले, तर तिथेही लगोऱ्या! वाटेच्या खुणेला रचतात तशा, दोन-दोन, तीन-तीन दगडांच्या, ठेंगण्या. खालच्या कपारीपर्यंत. इतक्या आडबाजूला प्रवासी पोचले तर. सगळ्या पायाने उडवल्या आणि दगड घळीत ढकलले. चांगल्या बसवलेल्या होत्या, हे आता लिहिताना जाणवतं.

परतताना फार प्रसन्न वाटत होतं. मी या गावात नवीन होते तेव्हा माझी पहिली लगोरी थेननीच पाडली होती, मला हा कातळ शिकवला त्यांनीच. "घर बांधलंस का पोरी? मग दाराशी टपालपेटीपण लाव." आणि मग गंभीर होऊन — "इथे कातळ वाचायचा. दुसऱ्याच्या लगोरीमागे जाणारा एक दिवस कड्यावरून खाली जातो."

१३ ऑक्टोबर

थेनच्या बायकोचा, व्हर्लीनचा फोन. थेन काल दुपारी सायकल घेऊन गेले ते रात्रभर आलेच नाहीत. आमचं बचावपथक निघतंय. मी म्हटलं, आधी जॉर्गनची घळ बघू या. आमच्या दोघांची जागा.

त्याच दिवशी, नंतर

सापडले. जिवंत आहेत.

खालच्या कपारीत बसले होते, घोटा मोडलेला, ओठ फुटलेले. मला बघून म्हणाले, "नाश्त्याला उशीर केलास." पथकातली मुलं हसली. मी पायाला फळी बांधत होते तेव्हा हळूच म्हणाले, "नोला, कुणाला सांगू नकोस. डोळ्यांना हल्ली चढ-उतार कळत नाही. सगळा कातळ सपाट दिसतो. म्हणून गेल्या महिन्यात लगोऱ्या रचून ठेवल्या होत्या. मी! काल वर यायला निघालो तर एक सापडेल तर शपथ. शोधता शोधता घसरलो."

माझे हात थांबले नाहीत. पट्टी नीट गुंडाळली, गाठ मारली. म्हटलं, "पाणी प्या."

१४ ऑक्टोबर

मला माहीत नव्हतं. लगोरी रचण्याआधी थेन स्वतःचा हात तोडून देतील असंच मी म्हटलं असतं. हे खरं आहे. आणि याने काहीही बदलत नाही.

१८ ऑक्टोबर

सांगायला गेले होते.

व्हर्लीनचं स्वयंपाकघर शेजारणींनी आणलेल्या चीज-बटाट्यांनी भरलेलं. "मयताला करतात ते बटाटे," व्हर्लीन म्हणाल्या, "माणूस आत खुर्चीत बसून टीव्ही बघतोय म्हणावं. तू एक भांडं घेऊन जा बाई."

थेन खुर्चीत होते, पाय उशीवर. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "मी विचार करतोय नोला. मी त्या लगोऱ्या रचल्याच नसणार. रचायचं मनात असेल आणि तेच झालं असं वाटलं असेल. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी मला विचारायचे, तू कुणाचा मुलगा?"

हे ऐकून तरी बोलायला हवं होतं. एक वाक्य. "मी पाडल्या." दोनच शब्द.

निघताना व्हर्लीननी दारात माझा हात धरला. "त्यांना समजवायला जाऊ नकोस हं. सायकल देऊन टाक असं काल स्वतःहून म्हणाले. इतकी वर्षं याचसाठी मी देवापुढे गुडघे टेकले." मी मान हलवली. व्हर्लीनसाठी गप्प बसते आहे असं गाडीत स्वतःला सांगितलं. खोटं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

बटाटे खाल्ले नाहीत. फेकलेही नाहीत.

२१ ऑक्टोबर

पथकाच्या नव्या स्वयंसेवकांचं शिबिर. लगोऱ्यांचा तास, चुकीच्या असतील त्या पाडायला शिकवायचा, दरवर्षी माझाच असतो. चष्मेवाल्या एका मुलीने विचारलं, "चुकीची कुठली ते कसं ओळखायचं?" मी म्हटलं, "अनुभवाने कळतं." कानापर्यंत तापले.

थेन कुबड्या घेऊन आले होते, मागे बसलेले. उठून म्हणाले, "हिचं ऐका. नाहीतर माझ्यासारखं व्हाल. नसलेल्या लगोऱ्या शोधत मी सगळी रात्र काढली." सगळे हसले. ते आधी हसले म्हणून बाकीचे हसले.

मीही हसले.

२४ ऑक्टोबर

व्हर्लीन त्यांची सायकल माझ्या दाराशी ठेवून गेल्या. थेनचा निरोप: "नोलाला दे. ती काळ्या मातीवर घालणार नाही."

२५ ऑक्टोबर

खरं बोलले तर काय होईल? माझी मैत्री जाईल, लगोऱ्यांचा तास जाईल. न बोलले तर थेन आपलं डोकं फिरलं असं धरून उरलेले दिवस काढतील. असं मांडलं की उत्तर किती सोपं दिसतं. तरी गुरुवारी डॉक्टर त्यांची स्मरणशक्ती तपासणार आहेत, तोवर थांबावं असं वाटतंय. खरंच काही निघालं तर? — हे लिहून झाल्यावर कळलं मी काय लिहिलं. काहीतरी निघावं अशी आशा करते आहे मी.

खोडणार नाही. राहू दे डोळ्यांसमोर.

३० ऑक्टोबर

थेनचा फोन आला. आवाज मोकळा. "डॉक्टरीण म्हणाली, डोळे गेलेत, डोकं ठणठणीत आहे. म्हणजे लगोऱ्या मी रचल्या होत्या."

मी म्हटलं, "बरं झालं."

मग थेन हळू म्हणाले, "तिथे आपल्या दोघांशिवाय कुणी जात नाही, पोरी." आणि व्हर्लीन जेवायला हाक मारतेय म्हणून फोन ठेवला.

उद्या: थेनकडे जाऊन, समोर बसून सांगणे.